भोंग्यावरचा अंदाज

सिंदेवाहीच्या कृषी हवामान केंद्रात नोकरीला लागल्यापासून मी आठवड्यातून दोनदा दोन जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांसाठी हवामानाचा अंदाज आणि सल्ला लिहीत होते. पाऊस किती, वारा कुठला, धानावर कुठली फवारणी आता करू नका, जनावरं कुठे बांधा. लिहायची मी आणि पत्रकाखाली सही आमच्या सरांची. सर कृषिविद्येचे, माणूस सज्जन, पण ढगांशी त्यांचं नातं छत्रीपुरतं. मी लिहिलेलं ते चष्मा कपाळावर चढवून वाचत, एखादा अनुस्वार दुरुस्त करत आणि सही ठोकत. अंदाज बरोबर आला तरी नाव सरांचं, चुकला तरी सरांचंच. मला ते दोन्ही वेळा सारखंच खुपायचं.

आमच्या घरात सहीचं वेडच आहे म्हणा ना. पणजोबा आयुष्यभर अंगठा उठवत राहिले. आजोबा धर्मांतरानंतर प्रौढांच्या शाळेत जाऊन लिहायला शिकले आणि सही जमायला लागली तसा त्यांनी वरोऱ्याच्या घरभर कोळशानं स्वतःचं नाव लिहायचा सपाटा लावला. गोठ्याच्या भिंतीवर, न्हाणीच्या दारावर, धान्याच्या कोठीवर. बाबा शिक्षक झाले तेव्हा त्यांनी घर रंगवून घेतलं, पण कोठीवरचं नाव ठेवलं. अशा घरातली मुलगी एम.एस्सी. करून, ढगांचा अभ्यास करून, दुसऱ्याच्या सहीसाठी मजकूर पुरवत बसली होती. आई म्हणायची, पगार वेळेवर येते ना, मंग काऊन कुढतेस? पण मी कुढत होते हे खरं.

आमच्या व्यवसायातली एक संस्था तरुण हवामानशास्त्रज्ञांना मान्यता देते. वकिलाला सनद असते, डॉक्टरची नोंदणी असते, तसं हे. ती मिळाली की माणूस स्वतःच्या नावानं अंदाज देऊ शकतो. त्या वर्षी वरून असंही कळलं, की येत्या खरिपापासून ज्या केंद्रात मान्यता असलेला माणूस असेल तिथलाच अंदाज तिथून निघेल, बाकीच्यांसाठी तो दुरून कुठून तरी बनून येईल. म्हणजे मला मान्यता मिळाली तर माझं नाव माझ्या अंदाजाखाली येणार होतं आणि नाही मिळाली तर अंदाजच हातचा जाणार होता. मी अर्ज करून टाकला.

अर्ज केल्यावर मागाहून एक फाइल द्यायची असते. ठरावीक शीर्षकं असतात आणि प्रत्येकाखाली आपल्या कामातलं खरं प्रकरण लिहायचं. मग तीन जाणकार समोर बसवून मुलाखत घेतात. एक शीर्षक होतं, 'अनिश्चितता लोकांना समजेल अशा भाषेत सांगणे'. दुसरं होतं, 'आपल्या अधिकाराची मर्यादा ओळखणे'. पहिल्याखाली लिहायला माझ्याकडे पोतंभर आहे अशी माझी समजूत होती. दुसरं वाचून मी पान उलटलं.

आता हे बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही, पण आमच्याकडे हवामानवाल्याला पावसाळ्यापेक्षा हिवाळ्यात जास्त छळतात. दिवाळी झाली की आमच्या झाडीपट्टीत गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते, शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, होतात आणि नाटकं लागतात. उघड्या मैदानात मंडप, सगळं गाव जमिनीवर मांडी घालून, आलेल्या लेकी, जावई, पाहुणे. कित्येक सोयरिकी नाटकाच्या निमित्तानं जुळतात. पत्रकावर तारीख छापली की ती हलवायची सोय नाही, कारण पाहुण्यांची तारीखही तीच असते. आणि नेमकं त्याच दिवसांत कापलेलं धान शेतात पुंजण्यांत, म्हणजे रचलेल्या ढिगांत, मळणीची वाट बघत पडलेलं असतं. उत्तरेकडून थंड वारे, बंगालच्या उपसागराकडून दमट वारे, आणि दोघांना भेटायला जागा सापडते ती नेमकी आमच्या डोक्यावर. डिसेंबरातला तो तासाभराचा पाऊस धान काळं करून जातो.

त्या वर्षीच्या डिसेंबरात जवळच्या गावातल्या नाट्यमंडळाचे अध्यक्ष माझ्या टेबलासमोर येऊन बसले. डोक्याला रुमाल, हातात गुलाबी पत्रकांचा गठ्ठा. त्यांनी एक पत्रक माझ्यापुढे सरकवलं आणि म्हणाले, "मॅडम, शनवारी आमचं नाटक हाये. पानी येते का नाई, तेवढं सांगा."

मी नकाशे बघितले, आकडे बघितले आणि म्हणाले, "भाऊ, दहात तीन."

"दहात तीन म्हंजे?"

"म्हणजे पाऊस यायची शक्यता दहातून तीन."

त्यांनी बोटांवर काही तरी मोजलं. मग चेहरा उजळला. "बस्स, झालं मंग," म्हणाले आणि चहासुद्धा न घेता उठले. मला वाटलं, काय समजदार माणूस आहे. पहिल्या शीर्षकाखाली हेच प्रकरण टाकू असंही मनात आलं.

गुरुवारी आमच्याकडचा बाजार. मी वांगी निवडत होते आणि मागून भोंगा लावलेला ऑटो आला. नाटकाचं नाव झालं, कंपनीचं झालं, गावाचं झालं. मग एक दमदार आवाज म्हणाला, "हवामान केंद्राच्या मॅडमनी खात्री देली हाये, शनवारी पानी येनार नाई! बिनधास्त या, लेकराबाळाईले घेऊन या!" आणि त्यानंतर माझं नाव. आडनावासकट. दोनदा.

वांगी देणारी बाई म्हणाली, "मॅडम, तुमचंच नाव घेऊन राह्यला ना तो?"

तळपायाची आग मस्तकात गेली. इतकी वर्षं ज्या गोष्टीसाठी जीव टाकला, अंदाजाशेजारी माझं नाव, ती अखेर घडली होती आणि अंदाज खोटा होता. मी वांगी तिथंच टाकून स्कूटी काढली आणि बाजाराच्या टोकाला ऑटो अडवला. आत गाडी चालवणारा एकटाच, गुटखा चघळत.

"हे बंद करा आधी."

"मॅडम, हे रेकॉर्डिंग हाये," तो म्हणाला. "पेनड्राइव्ह देला हाये मंडळानं. आपन फक्त गाडी चालवतो. अध्यक्षाले बोला."

सरांना फोन लावला. ते चामोर्शीकडे बैठकीला गेलेले, फोन लागेना. मी ऑटोवाल्याला म्हटलं, चल माझ्या मागे, गावात जाऊ. तो का आला कुणास ठाऊक. माझा आवाज तसा असावा.

गाव लागायच्या आधी दोन्ही बाजूंना बांध्या, म्हणजे धानाची बांध घातलेली शेतं, आणि बांध्यांत पुंजणीच पुंजणी. मी सवयीनं बघत गेले आणि काही तरी चुकतंय असं वाटत राहिलं. गावाच्या मैदानावर पोचले तेव्हा कळलं काय चुकतंय. मंडपासमोरचं अख्खं मैदान ताडपत्र्यांनी भरलं होतं. निळ्या, पिवळ्या, ठिगळ लावलेल्या, कोपऱ्यांवर दगड ठेवलेल्या. नाटकाला चांगली जागा पाहिजे म्हणून लोक आधीच अंथरूण टाकून जागा धरून ठेवतात. एरवी चादर टाकतात, पोती टाकतात. या वेळी आदल्या दिवसापासून भोंग्यावर मॅडमची खात्री ऐकल्यावर धानावरच्या ताडपत्र्या काढून इथे आणून अंथरल्या होत्या. माझ्या नावानं लोकांनी धान उघडं टाकलं होतं. मी स्कूटी स्टँडवर लावली ती दोनदा पडली.

अध्यक्ष खुर्च्या मोजून घेत होते. मला बघून खूष झाले. "या मॅडम! तुमच्या नावानं लय गर्दी होनार हाये."

"भाऊ, मी खात्री कधी दिली? मी दहात तीन म्हटलं होतं."

"हाव ना. दहात तीन." त्यांना माझा राग खरोखरच कळेना. "म्हंजे दहातले सात म्हनते पानी येत नाई, तीन म्हनते येते. सात हात वर झाले का ठराव पास होते, मॅडम. ग्रामसभेत आमी असंच करतो. तीन लोकाईनं बोंबलून काय होते?"

मी थक्क झाले. मी आकडा दिला होता आणि या माणसानं त्याचं मतदान घेतलं होतं. विद्यापीठात संभाव्यतेवर मी कितीतरी व्याख्यानं ऐकली, पण हा अर्थ कुणा प्राध्यापकाच्या स्वप्नातही आला नसता. आणि लबाडी म्हणावी तर तीही नव्हती. भाऊंना वाटत होतं आपण माझंच म्हणणं सोप्या भाषेत सांगितलं.

"पाऊस तुमच्या ग्रामसभेत बसत नाही, भाऊ," मी म्हटलं. "त्याला ठराव लागू नाही. ऑटोत माईक आहे का?"

"हाये, पन कायले?"

ऑटोवाल्यानं सीटखालून माईक काढून दिला. त्याला मजा येऊ लागली होती. मी बोलायला लागले आणि पहिल्या वाक्यातच पुस्तकातली मराठी कुठे तरी पळून गेली.

"मी हवामानवाली मॅडम बोलून राह्यली. आतापर्यंत भोंग्यावर माझ्या नावानं जे सांगतलं ते मी म्हनलं नाई. मी खात्री देली नाई. अशी हवा दहा खेपा आली तर सात खेपा तशीच जाते आन तीन खेपा भिजवून जाते. ही खेप कोनती, सातातली का तीनातली, हे मले माईत नाई. कोनालेच माईत नाई. नाटक तुमी पाहा, कोरडं झालं तर लय चांगलं. पन धान वर्साले एकदाच येते. ताडपत्री पुंजन्यावर टाका आन मंग नाटकाले या."

माईकमधून आवाज देवळाच्या भिंतीवर आपटून परत आला. मग एक म्हातारी, पदर खोचत, आपल्या ताडपत्रीवरचे दगड बाजूला करायला लागली. दगडाच्या जागी तिनं तणसाची, म्हणजे धानाच्या वाळल्या काडाची, पेंढी ठेवली, जागा जायला नको म्हणून. तिचं बघून शेजारची उठली. संध्याकाळपर्यंत मैदानावर नुसत्या तणसाच्या पेंढ्या उरल्या होत्या. ऑटोवाल्याला मी आणखी चार गावं फिरवलं आणि प्रत्येक ठिकाणी तेच बोलले. तो शेवटी म्हणाला, मॅडम, रेकॉर्ड करून घेऊ ना, गळा कायले फोडता?

शनिवारी पाऊस आला नाही. ढग आले, वारा सुटला, सकाळपर्यंत पुन्हा निळंशार. नाटक छान झालं म्हणतात, लोक तणसावर बसून बघत होते. पुढचे कित्येक दिवस मी दिसले की पोरंसोरं 'दहात तीन, दहात तीन' करत आणि अध्यक्ष भाऊ रस्ता बदलून जात. काही शेतकरी तोंडावर म्हणाले, ताडपत्र्या न्यायला-आणायला लावल्या मॅडमनं फुकटच. मला त्याचं वाईट वाटलं, पण जे बोलले त्याचं वाईट वाटलं नाही.

फाइल पुरी करायला बसले तेव्हा हे प्रकरण लिहून मी सरांना वाचायला दिलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, सगळं वाचलं आणि चष्मा तिथेच राहू दिला.

"हे टाकू नको," ते म्हणाले. "हे म्हणजे हात दाखवून अवलक्षण."

"का सर?"

"मंजूर झालेल्या पत्रकाखेरीज अंदाज जाहीर करायचा तुला अधिकार आहे का? नाही. तू भोंग्यावर केलास. मी काही बोललो नाही कारण मला पटलं. पण त्यांच्या शीर्षकात काय लिहिलंय, अधिकाराची मर्यादा. बाई, तूच त्यांच्या हातात काठी देऊन राह्यली आहेस. पिकांच्या ॲपवर तू केलेलं काम टाक. सुंदर आहे ते."

सरांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. शेतकऱ्यांच्या मोबाइलवर सल्ला पोचवणाऱ्या त्या ॲपचं काम सुंदर होतंच आणि त्यावर कुणी हरकत घेतली नसती. मी दोन दिवस विचार केला. पण त्या कामात कुणाचं धान उघडं पडलं नव्हतं आणि मला काही ठरवावं लागलं नव्हतं. मला जर हवामानशास्त्रज्ञ म्हणून नाव पाहिजे होतं, तर मी खरोखर ज्या दिवशी हवामानशास्त्रज्ञ होते तो दिवस लपवून ते कसं मागणार? मी भोंग्याचं प्रकरण पहिल्या शीर्षकाखाली टाकलं. मग दुसऱ्या शीर्षकाखालीही तेच टाकलं. सर म्हणाले, कठीण आहे बुवा तुझं, आणि शिफारसपत्रावर सही करून मोकळे झाले.

मुलाखत नागपूरला. समोर तिघं. मधल्या बाई पुण्याच्या, प्राध्यापिका, शब्द न शब्द घासून पुसून ठेवलेला. डावीकडे मफलर गुंडाळलेले एक निवृत्त गृहस्थ, ज्यांनी उभा जन्म अंदाज देण्यात घालवला होता. उजवीकडचे तिसरे काही न बोलता बिस्किटं खात होते.

बाईंनी फाइल उघडली. "एकच प्रकरण तुम्ही दोन शीर्षकांखाली घातलं आहे. हे अनवधानानं झालं आहे का?"

"नाही मॅडम. मुद्दाम."

"तुम्हाला तोंडी अंदाज जाहीर करण्याचा अधिकार नव्हता, हे तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"मग तो अधिकार तुम्हाला कुणी दिला?"

हा प्रश्न येणार हे मला ठाऊक होतं. बसमध्ये मी त्याचं गुळगुळीत उत्तर तयार करून ठेवलं होतं. ते तोंडातून आलंच नाही. "मॅडम, भोंग्यावर माझं नाव होतं," मी म्हटलं. "नवा अंदाज द्यायचा अधिकार मला नव्हता आणि मी तो दिलाही नाही. मी दिलेल्याच आकड्यावर माझ्या नावानं खोटं फिरत होतं आणि लोक त्याच्या भरवशावर धान उघडं टाकत होते. ते थांबवायला मी कुणाची परवानगी मागायची?"

बाईंनी काही तरी लिहून घेतलं. मफलरवाले पुढे झुकले. "पाऊस आला?"

"नाही."

"म्हणजे तुमचा इशारा चुकला."

"नाही सर," मी म्हटलं आणि माझा आवाज चढला हे मलाही कळलं. "मी पाऊस येईल म्हटलंच नव्हतं. तीन म्हटलं होतं. आला असता तरी तीनच म्हटलेलं असतं, तेव्हाही मला शाबासकी घ्यायचा हक्क नव्हता. एका शनिवारवरून माझा न्याय करू नका. मी जितक्या दिवशी तीन म्हटलं ते सगळे दिवस एकत्र करा आणि त्यातले किती भिजले ते बघा. मी केलंय ते. पुढच्या पानावर आहे."

त्यांनी पान उलटलं. आकड्यांवरून बोट फिरवत खाली गेले आणि फाइल बाईंकडे सरकवली.

"पुन्हा असं झालं तर?" बाईंनी विचारलं.

"पुन्हा माईक घेईन. पण एक बदलेन. लोकांना नुसता आकडा देणार नाही. भोंग्यावर काय बोलायचं ते वाक्यच लिहून देईन. चूक मंडळाची नव्हती, मॅडम. मी दहात तीन म्हटलं आणि समोरच्यानं त्याचं काय केलं ते विचारलंच नाही."

उजवीकडच्या गृहस्थांनी बिस्किटाचा भुगा झटकला आणि पहिल्यांदाच तोंड उघडलं. "नाटक कसं झालं?"

बोलण्याच्या हेलावरून ते आमच्याकडचे निघाले. "पाह्यलंच नाई सर," मी म्हटलं. "मले रागच एवढा आला होता."

ते इतके हसले की बाईंनाही हसावं लागलं. बाहेर आले तेव्हा, खोटं सांगत नाही, मी खूष होते. मिळो न मिळो, जे दाखवायचं तेच दाखवून आले होते.

मान्यता मिळाली. खाली एक शेरा होता, की केंद्रानं गावपातळीवरच्या जाहीर घोषणांसाठी रीतसर पद्धत ठरवावी. सरांनी तो मोठ्यानं वाचला, म्हणाले, बघ, काम वाढवून आणलंस, आणि खरिपातलं पहिलं पत्रक माझ्यासमोर सरकवलं. मी माझं नाव लिहिलं. घरी बाबांना फोटो पाठवला. त्यांचं उत्तर आलं, सही जरा मोठी कर.

रोवणी, म्हणजे धानाची लावणी, आटोपून खत द्यायचे दिवस होते. मी लिहिलं होतं, जोराचा पाऊस येण्याची शक्यता दहात आठ, म्हणजे अशा हवेत बहुतेक वेळा येतो, कधीमधी हूलही देतो. खत टाकलंत तर वाहून जाईल, दोन दिवस थांबा. आणि पावसानं हूल दिली. दोन दिवस लख्ख ऊन. मी खिडकीतून त्या उन्हाकडे बघत होते आणि टेबलावरचा फोन वाजला. पलीकडे कुणी तरी शेतकरी, आवाज चामोर्शीकडचा, तापलेला.

"पत्रकाखाली ज्या बाईचं नाव हाये, ती बाई पायजे."

"मीच बोलते."

मग त्यानं मला जे घेतलं! दोन दिवस खताची पोती घरात पडून, मजूर परत पाठवले, आभाळात ढगाचं पिल्लूही नाही, हवामानवाल्याईले काई समजते का नाई. प्रत्येक वाक्यात माझं नाव, कागदावरून वाचून, अगदी स्पष्ट. मी त्याला दहात आठचं गणित सांगितलं नाही. म्हटलं, "हो भाऊ, पाऊस नाही आला. त्रास झाला तुम्हाला, कळतंय मला."

तो थांबला. धाप लागली असावी. मग आवाज एकदम खाली आला. "बरं, ते जाऊ द्या," म्हणाला. "आता उद्याचं काय म्हनता? टाकू का खत?"

"थांबा, बघून सांगते," मी म्हटलं आणि नकाशा उघडला. तो फोन कानाला तसाच धरून थांबला.